डाग

ही साब इथून तासाभरावर बनली, उसिकाउपुंकीत,
चौऱ्याहत्तर साली. रंग मोहरीचा.
आता मोहरी कमी, गंज जास्त.
हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आमच्याकडे,
लोणच्यात घालावं तसं, हात न आखडता.
फरक इतकाच की
लोणचं टिकतं.

साना रविवारी येते, राउमाच्या गोदीतून,
स्वतःचं हेल्मेट काखेत मारून.
आठवडाभर जहाजं सांधते, आणि रविवारी मला शिकवते.
म्हणते, बाबा, रेघ ओढू नका.
जहाजाचं पोलाद सोसेल घाई,
हा पाऊण मिलिमीटरचा पत्रा नाही सोसणार.
डाग द्या. एक इथे,
दुसरा वीतभर लांब,
तिसरा पार पलीकडच्या टोकाला.
मधे थांबा. हात लावून बघा. निवू दे.
आणि डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवा:
गरम लोण्यात बारीक मासे पडल्यासारखा आवाज आला
की बरोबर.
फट-फट झाली तर तार जास्त.
एकदम गप्प झालं
तर भोक.

माझी पहिली तीन भोकंच.

चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली मी.
कागद जाळता येतो एवढं ठाऊक होतं,
लोखंडही तसंच जळतं हे सहासष्टाव्या वर्षी कळलं.

मग ती दाराखालचा उंबरा ठोकत गेली
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने.
टण. टण. टण. टण.
थप्प.

तो आवाज मी ओळखला.

छिन्नी लावली तिने. आधी डांबर निघालं,
मग लांबी, बोटभर जाड, खारकेसारखी टणक,
मग एक निळा पत्रा,
कॉफीच्या डब्याचा. अर्धं अक्षर अजून वाचता येत होतं.
पॉप रिव्हेट सात.
मला मोजावे लागले नाहीत.

ब्याण्णवचा मार्च. गिरणीत अर्ध्या पगारावर होतो.
गाडीची तपासणी मंगळवारी,
आणि पैसे कधीच नाहीत.
रात्री या शेडमध्ये दिवा टांगून
डबा कापला, ठोकला, लिंपला, घासला, रंगवला.
तपासणीचा माणूस हातोडी घेऊन वाकला.
ठोकलं त्याने.
दोन बोटं अलीकडे.

त्यानंतर दोन हिवाळे ओर्वोक्कीने ही गाडी चालवली,
बर्फावरून, अंधारातून, बालवाडीपर्यंत,
आणि मागच्या सीटवर चार वर्षांची कोण बसायची
ते सांगायला नको.
पट्ट्याचा बोल्ट डब्यापासून एवढ्या अंतरावर.
अंगठा आणि तर्जनी ताणली तर पोचतात.

सानाने तो तुकडा दिव्यासमोर धरला.
चाळणी झाली होती त्याची.
बराच वेळ धरून होती.
मग म्हणाली,
लांबी मात्र सुरेख घासली होती तुम्ही.
हात फिरवूनही कळलं नसतं.

यावर काय बोलणार.
मी ग्राइंडर उचलला.

गंज संपतो तिथे कापायचं नसतं,
त्याच्याही पुढे, चांगल्यात कापायचं,
डोळ्यांत खुपेल इतका पांढरा पत्रा लागेपर्यंत.
राय-पावाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन माप काढलं,
तुकडा कापला, वाकवला, बसेना, पुन्हा वाकवला.
साना चुंबक लावत गेली, बोलली नाही.
शेवटी बंदूक माझ्या हातात दिली.

एक डाग.
वीतभर लांब दुसरा.
पार पलीकडे तिसरा.
थांबलो. हात लावून बघितला. निवू दिला.
चौथ्याला मासे पडले लोण्यात.

संध्याकाळी ओर्वोक्की थर्मास घेऊन आली,
उंबऱ्यावर बुटाचं टोक टेकवून म्हणाली,
काय रे वेइयो, भार पेलेल ना?

आता पेलेल, मी म्हणालो.

आता म्हणजे?

सानाने हेल्मेटची काच
खाली ओढून घेतली.