फळीवरची रेघ

आचऱ्याच्या पुलाआधी, डाव्या हाताला
द्वारका तारींची खानावळ:
चार बाकं, एक फळा
आणि मागच्या दारी मासे मापायची फळी.

फळीवर खिळ्याने ओढलेली रेघ.
सुरमई रेघेला टेकली नाही
की पाटीत परत.

आज बाबल्याची एकही टेकली नाही.
"हॉटेलवाले घेतत," तो म्हणाला.
"घेवंदेत. हिणा एकदाव अंडी घालूक नाय."

मग फळ्यावर खडूने: आज पेडवे.
त्याखाली, बारीक अक्षरात: सुरमई मागू नये.

दुपारी पुण्याची गाडी थांबली,
फळा वाचून, काच वर करून गेली.
दुसरी थांबली. तीही.
तिसरीतला एक पोरगा उतरला,
उभ्यानेच सोलकढी प्यायला.
वाटीचे पैसे तेवढे आले.

तिरफळाचा वास मागीलदारापर्यंत,
आणि बाकं रिकामी.
वाईट नाही वाटत? मी विचारलं.
"वाटता तर. गॅसचा बिल रेघ बघान येता काय?"

अडीचला बाबल्या परतला,
पाटी उपडी, डोक्यावर.
कुठे विकलीस, तिने विचारलं नाही.
पान मांडलं. भात, पेडव्यांचं तिखलं.
समोर बसून राहिली.

तो काटे काढत होता,
एकेक, पानाच्या कडेला,
मान वर न करता.