कलम चौदा

दिवसभर भोसरीत मी बेअरिंगची कड मोजतो.
दोन शतांश जास्त भरली की लाल क्रेट.
तिथे कुणाची बाजू ऐकून घ्यावी लागत नाही,
लोखंड अपील करत नाही.

रात्री साडेदहाला, भांडी आवरून झाल्यावर,
धायरीच्या फ्लॅटमधल्या चिंचोळ्या खोलीत,
इस्त्रीचं टेबल एका बाजूला सारून,
डोक्यावर वाळणाऱ्या टॉवेलांखाली
मी पंच असतो.
सव्वीस गाड्यांचा. बिनपगारी.

शेवटची शर्यत, अकरावी फेरी, तिसरं वळण.
अबोली टिळेकर, कात्रज, आतून.
निनाद बहिरट, चिंचवड, बाहेरून.
तिच्या रेकॉर्डिंगमध्ये तो तिला घासतो,
तिची गाडी गिरकी घेऊन गवतात.
त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये
दोघांच्या मधून एखादं मांजर
आळस देत गेलं असतं.

दोघंही खरं बोलतायत.
मधे ऐंशी मिलिसेकंद आहेत,
कुठल्यातरी खणून ठेवलेल्या रस्त्याखाली
केबलमध्ये तुंबलेले.

तेहेतीस वेळा पाहिलं.
वरून, मागून, तिच्या सीटवरून, त्याच्या सीटवरून,
पाव वेगानं.
त्याचा ब्रेक लागतो, जरा लवकरच लागतो.
स्टिअरिंग बाहेर वळतं, तिला वाट द्यायला.
एक गाडीएवढी जागा सोडावी, म्हणतं कलम नऊ.
हा पोरगा सव्वा सोडतोय.

पण कलम चौदा: सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग अंतिम.
ते माझंच. पहिला सीझन संपल्यावर,
भांडणांना कंटाळून, असं मी सगळ्यांना सांगितलं,
एका ओळीत लिहिलं, पूर्णविरामासकट.
आणि सर्व्हरवर धडक दिसते.

पाच सेकंद.
पाच सेकंदांत निनाद पहिल्यावरून चौथा,
दोन गुणांनी सगळा सीझन गेला.
फैजान तांबोळीनं लिहिलं,
पंच एका मिसळीवर फुटला, तीही बिनतर्रीच्या.
निनादनं लिहिलं, "मान्य."
एवढंच.
त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी नवले पुलाखाली
एक रिक्षा उलट्या बाजूनं घुसली,
तिच्या मागे चार दुचाक्या,
चौथी माझी.
कुणी काही म्हणालं नाही.

संध्याकाळी अबोलीचा निरोप:
त्याचं रेकॉर्डिंग आत्ता पाहिलं, दादा.
माझी तक्रार मागे घेतली तर चालेल का?
चालत नाही. निकालानंतर नाही. कलम सोळा.
तेही माझंच.

आणि ते पहिल्या सीझनचं.
कपाटावर जो कप आहे,
ज्यात बायको सेफ्टी पिना टाकते, तो मी जिंकलेला.
शेवटच्या फेरीत, सातव्या वळणावर,
माझी चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर होती.
चारही. मला ते हातांत कळलं होतं,
स्टिअरिंग एकदम हलकं झालं होतं.
त्या रात्री सर्व्हर बंद पडला.
रेकॉर्डिंग नाही.
महिन्याभरानं मी कलम चौदा लिहिलं.

दुसरा आलेला मुलगा लीग सोडून गेला.
नाव आठवत नाही.
आठवतं. शार्दूल घुले, मांजरी.
हरल्यावर त्यानं टाळ्यांचं चित्र पाठवलं होतं,
तीन वेळा.

दीड वाजलाय.
नियमांची फाईल उघडी आहे.
चौदापुढचा पूर्णविराम खोडला,
पुढे काही सुचेना, परत टाकला.

शार्दूलचा नंबर अजून आहे फोनमध्ये.
त्याच्या फोटोच्या जागी आता एक तान्हं बाळ,
कानटोपीतलं.
मी लिहितो: ओळखलंस का,
सातव्या वळणावर माझी
आणि वरून टॉवेलचा एक थेंब
नेमका स्क्रीनवर पडतो.
मी तो शर्टाला पुसतो.
अक्षरं आहेत तिथेच आहेत.