कोटीपोटातलं पाणी

इथल्या पाण्यानं केस जातात,
हे सहमला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं.
समुद्र गोड करून नळाला सोडलेला,
मोरीच्या जाळीवर सकाळी काळा गुंता,
आणि फोनवर बायको : टोपी घालत जा.

म्हणून शेळ्यांचे जायला लागले
तेव्हा खलफान म्हणाला, माय.
अरबीत माय म्हणजे पाणी.
मीही मान हलवली.

पाठीवरून हात फिरवावा
तर पाठच हातात यायची,
शेवरीच्या कापसासारखी तांबूस, हलकी.
लाळेनं दाढ्या भिजलेल्या.
मार्चमध्ये दोन करडं झाली,
गळ्याखाली लिंबाएवढी गाठ घेऊन.
उठली नाहीत.

विहीर खारट झाली तसं गवत गेलं होतं.
राहिली होती कुंपणाची सुबाभूळ.
छाटली की दुप्पट फुटते.
चार महिने तीच. विळा माझा, भारे माझे.
मला बघितलं की शेळ्या
दाव्याला हिसके द्यायच्या.

सोहारहून डॉक्टर शम्सा आल्या.
डहाळी मोडून बराच वेळ बघत राहिल्या.
मिमोसीन, म्हणाल्या.
मग माझ्या तोंडाकडे बघून सोपं केलं :
पाल्यात विष आहे,
आणि या पोटांना त्याची ओळख नाही.

मग ही?
कोपऱ्यात आक्का रवंथ करत होती.
उस्मानाबादी, काळी कुळकुळीत, लोंबत्या कानांची.
ईदच्या बोटीतून आलेली,
गाभण निघाली म्हणून सुरीखालून सुटलेली.
चार महिने तोच पाला, तेच पाणी,
आणि अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक.

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शिंगं धरली,
त्यांनी नळी घातली.
आक्कानं माझ्याकडे असं बघितलं
की मी नजर कुंपणावर नेली.
हिरवं, कोमट, आंबूस पाणी.
खलफाननं डोक्याचा जुना मस्सर दिला गाळायला.
हवा लागू द्यायची नाही, डॉक्टर ओरडल्या,
ते जंतू हवेनं मरतात.
जवळ होता तो माझा चहाचा थर्मास.

पंधरा शेळ्या, पंधरा कपभर घोट.
वास ओळखीचा होता. कुठला,
ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पाला निम्मा केला, वर सुकं गवत.
मेच्या उन्हात पाठींवर लव दिसायला लागली,
आधी मला वाटलं धूळच आहे.
खलफान रोज एकीला धरून हात फिरवतो
आणि हात उलटा करून बघतो.

आक्काचा बताका नाही, व्हिसा नाही.
तिच्या पोटातलं काहीतरी
आता पंधरा पोटांत राहतं आणि
रोज विष खाऊन वाढतं.
माझे केस जातातच आहेत.

थर्मास मी चार वेळा धुतला,
एकदा व्हिनेगर घालून.
चहाला अजून किंचित हिरवा वास येतो.
पितो.