तांबडा रकाना

कोअर शॉपमध्ये अकरा वर्षं वाळू भरल्यावर
मला खुर्ची मिळाली.
तिचा एक हात तुटका, त्याला काळी टेप.
सोबत शिफ्टचं रजिस्टर, दोन पेनं, एक निळं, एक तांबडं,
आणि ड्रॉवरची किल्ली.
ड्रॉवर कधी बंदच होत नव्हता.

जैबून मुजावर म्हणाली, "आता तू सायबीण झालीस,
कोरड्यास कुणाच्या डब्यातलं खाणार?"
सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.
त्या उशिराचं काय करायचं ते मला कळेना.

मग कंपनीनं धाडलं ताराबाई पार्कातल्या हॉटेलात,
दोन दिवस, चहासोबत बिस्किटं.
सरांनी कोरे कागद वाटले,
"तुम्ही कोणता प्राणी आहात? काढा चित्र."
मशीन शॉपच्या पोरांनी वाघ काढले, एकानं गरुड.
मी म्हैस काढली.
"म्हैस का?"
म्हटलं, "धारेला बसणारा हात ओळखते.
हात परका असला, तर पान्हा चोरते."
सरांनी फळ्यावर लिहिलं, विश्वास,
आणि त्याभोवती गोल काढला.

आषाढात शिरोलीची हवा ओल्या फडक्यासारखी.
एका रात्रीत एकेचाळीस पंप-बॉड्या नापास.
कापून बघितलं तर आत फोडच फोड,
लोखंडाला देवी आल्यासारखे.
वरून फोन, कुणाचा लॉट?
लॉट जैबूनचा.
तांबड्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं.
अक्षर छान आलं.

तिनं वाद घातला नाही.
जेवणाच्या सुट्टीत डबा उचलून
पाण्याच्या टाकीपलीकडे जाऊन बसली.
तिच्यामागून अक्काताई, मग हौसा,
मग ती कागलची नवी पोर,
जिला वाळू चाळायला मीच शिकवलं होतं.
माझ्या डब्यात भाकरी, दही, खर्डा.
खर्डा त्या दिवशी तिखट लागला नाही.

तिसऱ्या दिवशी भट्टीवरचा भूपाल मगदूम आला,
तळहातावर तंबाखू मळत.
"ओव्हन किती वेळ दिलतास?"
चाळीस मिनिटं.
"आणि एरवी?"
एरवी पंचावन्न. पण पुण्याची गाडी सुटायची होती,
घाई वरून आली होती,
आणि माझ्यापर्यंत येईतो ती माझीच झाली होती.
तो म्हणाला, "कोअर ओतीवात दिसत नाय, बाई.
फोडून काढत्यात त्याला.
आतली जागा नीट ऱ्हायली, म्हंजे त्याचं काम झालं."
त्याला बहुतेक कोअरबद्दलच बोलायचं होतं.

शाई खोडता येत नाही.
'सुधारित' असंही मी लिहिलं नाही.
तिच्या नावाखाली, त्याच पेनानं,
ओव्हनची वेळ आणि माझं नाव.
या खेपेला अक्षर तेवढं छान आलं नाही.
दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी
सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं.
आवाज कापला नाही. गुडघे कापत होते,
पण ते टेबलाआड होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
हौसा म्हणाली, "बरं, मग आज किती मिनिटं?"
"पंचावन्न. आणि वाळू ओली वाटली
तर थांबवायचं. मला न विचारता."
"कुणीबी?" कागलच्या पोरीनं विचारलं.
"कुणीबी."

साडेअकराला तिनंच थांबवलं.
वाळू ठीक होती.
अठरा मिनिटं गेली. वरून फोन आला.
मी म्हटलं, "मी थांबवलंय."
पोर कोअर बॉक्स हातात धरून
माझ्याकडं बघत उभी राहिली.
मी निळ्या पेनानं अठरा लिहिलं.

जैबून अजून टाकीपलीकडंच बसते.
परवा मात्र जाता जाता
स्टीलच्या झाकणात वांग्याच्या चार फोडी
माझ्या रजिस्टरवर ठेवून गेली.
बोलली काही नाही.
पानावर तेलाचा गोल उमटलाय,
झाकण परत करायचं राहिलंय.
ड्रॉवरमध्ये आहे.