सोळा चौरस इंच

ए सहा एक नऊ सहा.
समुद्री शेवाळाची पट्टी, निर्जंतुक,
सोळा चौरस इंच किंवा कमी.
सतरावा भरला की आकडा बदलतो, दर बदलतो,
आणि माझ्या खुर्चीपर्यंत पोचतं ते एवढंच,
की कुणाचं तरी वाढलंय.

टोलेडोत, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
आम्ही तिघी बसतो. रक्त कुणीच पाहिलेलं नाही.
कोडच्या शेपटीला एक खूण जोडायची असते:
ए-एक म्हणजे एक जखम, ए-दोन म्हणजे दोन.
ए-नऊ म्हणजे नऊ किंवा जास्त.
त्यापुढे?
त्यापुढे मोजत नाहीत, बर्निस म्हणाली, जेवून घे.

एल्मर नागी. ए-एक. डावी टाच.
काचेच्या भट्टीपुढे एकतीस वर्षं उभा होता,
हे अर्जात नाही, बायको फोनवर बोलली.
फोमच्या पट्ट्या आठवड्याला तीन, असा नियम.
इर्मा रोज बदलायची, कारण रोज भिजायची.
सातातून तीन गेले, राहिले चार.
त्या चार दिवसांना ती
नातवाचे डायपर कापून लावायची.
त्यांना कोड नाही. मी शोधला.

दावा परत आला: लांबी, रुंदी, खोली नमूद नाही.
मी विचारलं, घरात टेप आहे का?
हसली. लोकांचे पडदे शिवते ती.

आठवड्यानं पाकीट आलं.
सँडविचच्या पिशवीवर मार्करनं गिरवलेली जखम,
एरी तळ्याच्या नकाशासारखी, एका बाजूला निमुळती,
कोपऱ्यात तारीख,
आणि भोवती तुटक रेघ, अर्धा इंच बाहेरून:
कापड बेतताना सोडतात ती माया.
हाताला सवय.

मायेसकट मोजलं तर कोड एकानं वर जात होता.
मी माया वजा केली.
नियमानं तेच बरोबर आहे.

मार्चमध्ये नवा कागद आला.
ए सहा चार शून्य दोन, साधं निर्जंतुक गॉझ.
जागा: डावा पाय, गुडघ्याखाली.
टाचेचा रकाना रिकामा.
मला वाटलं टायपिस्टची चूक, म्हणून फोन लावला.

नाही, बरोबर आहे, इर्मा म्हणाली.
आता सरळ रेघ आहे, मोजायला सोपी.
सव्वीस टाके.
मागे कुठेतरी शिवणयंत्र चालू होतं, ते तिनं थांबवलं.
टाके एकसारखे आहेत, म्हणाली,
पण कातडं ताणून बसवलंय त्यांनी.
माया कमी सोडलीय.

मी ए-एक लिहिलं.