डॉक

माझगाव कोर्टात दुभाषी म्हणून सत्तावीस वर्षं काढली,
पण एक शब्द मला कधी नीट उतरवता आला नाही.
साहेब म्हणत, आरोपीला डॉकमध्ये घ्या.
मी सांगायची, पिंजऱ्यात या.
आणि दर वेळी दाताखाली
खजुराची बी.

अण्णा गोदीत होते. धोंडीभाऊ डुंबरे, मूळ गाव ओतूर,
बिल्ला नंबर एकोणीसशे चार.
आमच्या घरात डॉक म्हणजे एवढंच:
भिंतीवरून डोकावणारी क्रेनची मान,
गंधकाने पिवळ्या झालेल्या भुवया,
आणि ‘बोट लागली’ म्हणताना
पाहुणा दाराशी आल्यासारखा त्यांचा आवाज.
आपली भाषा तरी कुठे सरळ आहे?
जहाज टेकतं तो धक्का,
माणूस पडतो तोही धक्काच.

एकाहत्तर साली बसऱ्याचं एक पोतं उसवलं.
अण्णांच्या भाकरीच्या फडक्यात चौदा खजूर निघाले.
फौजदाराने मोठ्याने मोजले.
खरे सतरा.
तीन आदल्या रात्रीच माझ्या पोटात गेले होते,
हे कोर्टात निघालं नाही.

डॉकमधला माणूस डॉकमध्ये उभा राहिला.
मेनेझिस साहेब साक्षीला आले, केस पडली.
महिनाअखेर पाकिटात चिठ्ठी:
‘वेजेस डॉक्ड’, अकरा रुपये सत्तर पैसे.
अण्णांनी विचारलं, यात आपल्या गोदीचं नाव कशाला गं?
मी चौथीत. म्हटलं, शिक्का असेल.

पुढे फोर्टच्या फुटपाथवर एक जाडा कोश मिळाला,
पहिली आठ पानं नसलेला.
त्यात होतं:
जहाजांचा डॉक डच खलाशांकडून आला.
कोर्टातला बहुधा फ्लँडर्सचा,
तिकडे कोंबड्यांच्या खुराड्याला म्हणत.
पगाराचा मात्र जनावराच्या शेपटीचा;
मांसल बुडखा राखायचा, बाकीची छाटायची.
तिघांचं आपसात नातं नाही, कोशवाला बजावतो.
नाव एक, माणसं परकी,
एकाचं टपाल दुसऱ्याला जावं तशी.

कोशवाल्याला अण्णा भेटले नव्हते.

चौथाही आहे, अगदी तळाला, बारीक टायपात.
बांधावर उगवणारं एक आंबट पान.
काटेरी पाल्याने अंगाची आग झाली
की तिकडची पोरं ते चोळतात.
त्याचा चुलतभाऊ आपल्या मंडईत जुडीने मिळतो,
चुका म्हणतात त्याला.

त्या महिन्यात आई रोज तोच आणायची, स्वस्त म्हणून.
दाणे नाहीत, नुसतं डाळीचं पीठ लावून.
अण्णा पाटावर बसत, विचारत, आज काय?
‘चुका,’ ती म्हणे.
‘कुणाच्या?’

मी मान खाली घालून
दोनदा वाढून घ्यायची.