परस

फैजपूरच्या पुढे, मोर नदीच्या अलीकडे,
निरीक्षण विहीर क्रमांक चौदा.
मे महिना. सकाळचे साडेआठ,
आणि काठाचा दगड आत्ताच हात लावू देत नाही.
पोलादी टेपच्या टोकाला मी खडू चोळतो,
शाळेत असतो तोच, पांढरा.
जिथवर भिजून काळवंडेल, तिथे पाणी.
खात्यात तीस वर्षांत बरंच काही आलं,
एवढा खडू तेवढा राहिला.

सुभान तडवी तोंडावरचं बोरीचं काटेरी झुडूप ओढून बाजूला करतो.
ही विहीर त्याच्या बापाने खोदली, जुम्माने,
कुदळ आणि टोपलीवर, एका उन्हाळ्यात.
'सहा परस,' सुभान सांगतो.
दर वेळी सांगतो.
खात्याला मीटर लागतात, गाव फुटांत बोलतं,
जुम्मा परसांत मोजायचा.
परस म्हणजे एक माणूस,
दोन्ही हात वर करून उभा.
सहाव्याच्या पावलांना ओल लागली
तेव्हा वर गूळ वाटला होता म्हणे.

टेप खाली जाते.
तळाला टेकून ढिली पडते.
वर येते तेव्हा खडू जसाच्या तसा,
फक्त मी टोक धरलं तिथे
तळहाताच्या घामाने जरासा ओला.
क्षणभर, देवाशप्पथ, वाटलं
तेच लिहून टाकावं.

बांधापलीकडे हेमराज फेगड्यांच्या केळीत
कालपासून बोअरची गाडी उभी आहे. तामिळनाडूची.
तोंडाला फडकी बांधलेल्या त्या पोरांना
गावाचं नाव सांगता येत नाही,
पण पोटातलं सगळं सांगता येतं:
पिवळी माती, गोटे, रेती, पुन्हा पिवळी माती.
सहाशे वीसवर एक गोटा वर आला.
मी उचलला. अंड्याएवढा, अंड्याइतका गुळगुळीत.
नदीशिवाय दगडावरून इतका वेळ
हात कोण फिरवतं?
म्हणजे खाली एक नदी होती
जिला नाव ठेवायला, किंवा नावं ठेवायला,
अजून माणूस जन्मला नव्हता.
ती आता आम्ही पाइपातून ओढतो आहोत,
रात्रीच्या थ्री-फेजवर, आठ तास.

सातशे फूट. मी मनातल्या मनात भाग दिला.
शंभर परस.
शंभर माणसं, एकाच्या तळहातांवर दुसऱ्याचे पाय,
अंधारात, सगळ्यांचे हात वर.
सगळ्यात खालच्याला विचारावं, लागलं का काही?
त्याचा आवाज इथवर यायचा नाही.

आणि मी तरी कोण.
सावद्याला माझ्या भावाची साडेतीन हजार खोडं उभी आहेत,
शेवरीच्या आडोशाला, टिश्यूची, सुंदर.
माझी कॉलेजची फी त्या केळीने भरली.
त्याच्या दोन्ही बोअरची जागा मी दाखवली,
खात्याचाच नकाशा जेवणाच्या ताटाशेजारी पसरून.
वहिनीने वर वरणाची वाटी ठेवली होती,
तिचा गोल डाग अजून आहे त्यावर,
बरोबर या विहिरीच्या आसपास.

संध्याकाळी ट्रक भरतील.
घडाला जखम होऊ नये म्हणून फण्यांच्या मध्ये फोम.
एवढ्या मायेने
सालीत बांधलेलं पाणी दिल्लीला जाईल
आणि रिकामे क्रेट परत येतील.

मी रकाने भरतो.
पाणीपातळी: एक आडवी रेघ.
शेरा: कोरडी.
त्याच्याखाली दोन ओळी रिकाम्या सुटतात, नेहमीसारख्या.

सुभान वाकून आत बघतो आहे.
मी विचारतो, काय दिसतं?
तो तोंडाशी बोट नेतो.
खालून फडफड येते, मग घुमणं.
'कबुत्रं,' तो म्हणतो. 'औंदा तिसऱ्या परसाले घरटं केलं.'
झुडूप पुन्हा तोंडावर ओढतो,
पण पूर्ण नाही, एका बाजूने फट ठेवून.

'आक्टोबरात येशीन ना,
तं टेप हयू सोडजो.
अंडे राहतीन.'